वीररसाची कविता वर्गात कशी घ्यावी: मराठवाड्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

सहावी ते नववीच्या वर्गावर नव्यानेच मराठी शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. शौर्याची, साहसाची, अंगमेहनतीची एखादी कविता दरवर्षी वाट्याला येतेच. बहुतेक ठिकाणी ती एकाच पद्धतीने घेतली जाते. सर आवाज चढवून वाचतात, पोरं टाळ्या वाजवतात, मग शब्दार्थ, मग ‘कवीला काय सांगायचे आहे?’ आणि वहीत उत्तर उतरतं: ‘या कवितेतून शौर्याचे दर्शन घडते.’ लेकराच्या हाती काहीच लागत नाही.

अशा कवितेला पहिला प्रश्न वेगळा विचारावा, असं माझं ठाम मत आहे. इथे शरीर काय करतंय? पाय कुठे आहेत, हात कशावर आहे, श्वास कुठे अडकतो, डोळे कुणीकडे वळतात? चांगला कवी ‘तो शूर होता’ असं सांगत बसत नाही. तो माणसाला पळायला, उचलायला, चढायला लावतो आणि शौर्य आपल्याला दिसतं. हा एक प्रश्न मुलांच्या अंगवळणी पडला की बाकीचं रसग्रहण ती स्वतःच करायला लागतात. सगळ्याला मिळून सहा-सात तासिका लागतील. एका तासात उरकायचं असेल तर यातली एकच पायरी घ्या, पण ती नीट घ्या.

आधी कवितांची जुळणी करा

पाठ्यपुस्तकातली कविता एकटी घेऊ नका. तिच्या शेजारी आणखी दोन-तीन ठेवा, अशा की प्रत्येक वेळी शौर्याची कल्पना थोडी सरकेल. आपल्या काव्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह मानला आहे, क्रोध हा रौद्ररसाचा. वीरही चार सांगितलेत: युद्धवीर, दानवीर, दयावीर, धर्मवीर. हे पोरांकडून पाठ करून घ्यायचं नाही, तुमच्या डोक्यात असू द्या. नुसत्या युद्धवीरावर थांबलात तर वर्गातल्या बऱ्याच मुली आणि काही मुलंसुद्धा गप्प बसतात. हा विषय आपला नाही, असं त्यांना वाटतं.

माझी जुळणी अशी असते. लढाईसाठी कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’. अंगबळासाठी समर्थ रामदासांचं मारुती स्तोत्र. रामदास 1608 साली जन्मले ते जालना जिल्ह्यातल्या जांबला, म्हणजे आपल्याच मुलखात. कष्टासाठी गंगाखेडच्या जनाबाई. आणि पडून पुन्हा उभं राहण्यासाठी कुसुमाग्रजांचीच ‘कणा’. पुरात घर गेलेला तिच्यातला विद्यार्थी सरांकडे पैसे मागत नाही, पाठीवर हात मागतो. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्या लेकरांना ही कविता समजावून सांगावी लागत नाही. नववीचा वर्ग असेल तर तुकोबांचा ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ जरूर घ्या. तिथे लढाई मनाच्या आत शिरलेली आहे आणि त्या वयाला ती नेमकी भिडते.

मारुती स्तोत्राबद्दल एक सूचना. वर्गात सगळ्या घरांची मुलं असतात. ते हात जोडून घ्यायचं नाही, कविता म्हणून फळ्यावर घ्यायचं. कुणाला अवघडल्यासारखं वाटत असेल तर आग्रह धरू नका, तेच काम पोवाड्याच्या एखाद्या चौकावर, म्हणजे कडव्यावर, होतं.

घरी उभं राहून वाचा

वर्गात जाण्याआधी प्रत्येक कविता एकदा उभं राहून मोठ्याने म्हणा आणि जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे पेन्सिलीने रेघ मारा. चाल येत नसेल तर यूट्यूबवरची चाल उचलून आणू नका. वर्गाला गाण्याची चाल आधी कळली की शब्द ऐकू येत नाहीत.

पहिली तासिका मैदानात

पुस्तकं वर्गातच राहू द्या. उन्हाळा लागला असेल तर सकाळची पहिली तासिका धरा. आपल्याकडे मार्चमध्येच दहाच्या पुढे मैदानात उभं राहवत नाही.

कबड्डीची चढाई सगळ्यांना माहीत असते, तिचाच वापर करा. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी कबड्डी’ऐवजी कवितेची ओळ म्हणायची आणि एका दमात जेवढी जाईल तेवढी न्यायची. पकडापकडी नको, फक्त पलीकडच्या रेषेला पाय लावून परत यायचं. ‘वेडात मराठे’चं पहिलं कडवं घेऊन पाच-सहा जणांना पाठवा. बाकीच्यांनी एवढंच बघायचं की दम कुठे तुटला. कुणाचा ओळीच्या मधेच तुटतो, कुणी ओळ पुरी करून थांबतं. मग विचारा: कवीने ओळ जिथे तोडली तिथे तुम्हाला थांबावंसं वाटलं का? यमक, चरण, यती (ओळीतला थांबा) हे शब्द अजून उच्चारलेलेही नसतात, पण ओळीची लांबी आणि घोड्याची दौड यांचं नातं पोरांच्या छातीत गेलेलं असतं.

पळता न येणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. कुणाला दमा असतो, कुणाचा पाय अधू असतो, कुणी कुबडी घेऊन येतं. त्याला ‘तू बस बाजूला’ म्हणू नका आणि ‘बघा, हा खरा वीर’ असं म्हणून उभंही करू नका. दुसरं पहिल्याइतकंच टोचतं. ताल धरणं, दम तुटल्याची खूण सांगणं, डफ वाजवणं ही कामं खरी आहेत. कोणतं करायचं ते त्यालाच निवडू द्या.

क्रियापदं मोजा

दुसऱ्या तासिकेला मारुती स्तोत्रातल्या दोनच ओळी फळ्यावर लिहा:

आणिला मागुतीं नेला, आला गेला मनोगती ।
मनासी टाकिलें मागें, गतीसी तूळणा नसे ॥

द्रोणागिरी आणण्याचा प्रसंग आधी दोन वाक्यांत सांगा. मग मुलांना क्रियापदांखाली रेघा मारायला लावा. आणिला, नेला, आला, गेला. एका ओळीत चार, आणि सगळी मिळून सोळा अक्षरं. डोंगर उचलून आणायचा, परत नेऊन ठेवायचा, जायचं, यायचं, एवढं सगळं सोळा अक्षरांत. पुढच्या ओळीत कवी आणखी एक पायरी चढतो. आत्ताच ‘मनाच्या वेगाने’ म्हणाला होता, आता म्हणतो मनसुद्धा मागे पडलं. ‘बलवान’, ‘वेगवान’, ‘पराक्रमी’ यातला एकही शब्द इथे नाही.

आता उलटा प्रयोग करा. ही ओळ विशेषणं वापरून लिहा, असं पोरांना सांगा. ‘वेगवान बलवान महान मारुती’ अशा धर्तीच्या ओळी येतील. दोन्ही ओळी एकापाठोपाठ मोठ्याने म्हणायला लावा. वर्गातलं सगळ्यात मागे बसणारं पोरगंही सांगतं की दुसऱ्या ओळीत मारुती जागचा हलत नाही.

वीर गेले, खुणा उरल्या

‘वेडात मराठे’ला पूर्ण दोन तासिका द्या. मागचा इतिहास थोडक्यात सांगा. उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांनी जाऊ दिलं, महाराजांना ते रुचलं नाही, आणि पुढे 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीजवळ प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण कामी आले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. नेसरी कोल्हापूर जिल्ह्यात आहे, ते नकाशावर दाखवा. सोबतच्या सहा जणांच्या नावांची यादी पाठ करून घेऊ नका. कवितेत ते ‘सरदार सहा’ एवढेच आहेत.

मग आपला प्रश्न: शरीर काय करतंय? मुलं घोडे, तलवारी, भाले सांगतात. तुम्ही त्यांना डोळ्यांकडे न्या. दौड सुरू होण्याआधी कवितेत डोळे किंचित ओले झालेले आहेत. कुणाचे? का? इथे घाई करू नका. ‘पोरगं असून रडतोस काय’ हे ऐकत वाढलेली मुलं समोर बसलेली असतात. वीराच्या डोळ्यात पाणी येऊ शकतं ही गोष्ट त्यांना तुमच्या तोंडून ऐकायची नसते, ओळीत स्वतः सापडायला हवी असते.

या दोनपैकी दुसऱ्या तासिकेला शेवटचं कडवं घ्या. त्यात एकही योद्धा नाही. दगडांवरच्या टाचा आहेत, ओढ्याच्या पाण्यात रंग आहे, क्षितिजावर मातीचा मेघ आहे. माणसं गेली आणि कवीने खुणा दाखवल्या. मी प्रत्येक वर्गात या जागी थांबतो आणि विचारतो: तुमच्या घरात कष्टाची खूण कुठे आहे? हात वर करून उत्तर द्यायचं नाही, वहीत एकच ओळ लिहायची.

सुरुवातीला ‘माझी आई खूप शूर आहे’ अशाच ओळी येतात. त्यांना चूक म्हणू नका. फक्त विचारा, ‘दाखव कुठे ते.’ मूल विचार करतं आणि लिहितं, ‘आईच्या हाताला घट्टे आहेत.’ पुन्हा विचारा, ‘कशाचे? कोणत्या हाताला?’ मग येतं, ‘कोयत्याची मूठ आईच्या उजव्या तळहातावर उमटलीय.’ ही कविता आहे. तीन वेळा विचारल्यावर आली आणि एकही शब्द तुम्ही दिलेला नाही.

वेळ उरला तर अर्धा तास वाद घाला: सेनापतीने फौज मागे ठेवून असं जावं का? एक बाजू म्हणेल, शब्दासाठी जीव दिला. दुसरी म्हणेल, सेनापती गेला तर सैन्याने कुणाकडे बघायचं? निकाल तुम्ही देऊ नका. कवीने ‘वेडात’ हा शब्द मुद्दाम पहिलाच का ठेवला असेल, एवढा प्रश्न टाकून घंटा होऊ द्या.

जातं वर्गात आणा

ही माझी सगळ्यात आवडती तासिका आहे. गावात कुणाच्या तरी ओसरीवर जातं पडलेलं असतंच. दोघं-तिघं जाऊन उचलून आणा, सोबत किलोभर ज्वारी आणि खाली अंथरायला पोतं घ्या. वर्गाच्या मधोमध मांडा.

दोघांनी समोरासमोर बसून खुंटा धरायचा, तिसऱ्याने मूठ मूठ ज्वारी टाकायची आणि दळता दळता जनाबाईंची ओळ म्हणायची: ‘दळितां कांडितां । तुज गाईन अनंता ॥’ पहिले काही फेरे सगळी हसतात. मग खांदे भरून येतात आणि आवाज आपोआप फेऱ्याच्या लयीत बसायला लागतो. खुंटा अंगाकडे ओढताना एक तुकडा, पलीकडे लोटताना दुसरा. ओवी जात्यावर का जन्मली, हे यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही. मुलांना आवर्जून दळायला बसवा. ‘हे बायकांचं काम’ असं कुणी म्हणालं तर त्याला सगळ्यात आधी.

घामाघूम झाल्यावर विचारा: नेसरीची दौड आणि हे दळण, जास्त दम कुठे लागतो? एक गोष्ट एकदाच करायची होती, दुसरी रोज पहाटे. यावर मुलं बराच वेळ बोलतात, आणि मुलीही.

घरी आजीकडून एक जात्यावरची ओवी लिहून आणायला सांगा. आजीचे शब्द जसेच्या तसे हवेत. ‘आलं व्हतं’चं ‘आले होते’ करायचं नाही.

गावातला वीर शोधताना सांभाळा

आता मुलं आपल्या माणसांवर लिहायला तयार असतात. इथेच जपून पावलं टाका.

बीड, जालना, परभणी, धाराशिव भागांतल्या कितीतरी वर्गांत दिवाळीनंतर बाकं रिकामी होतात. आईबाप ऊसतोडीला जातात, काही मुलं सोबत जातात, काही आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. फडातलं काम मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पहाटे अंधारात निघणं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणं, हे त्यांच्याकडून ऐकाल तेव्हा तुम्हीच विद्यार्थी व्हाल. पण या कष्टाचं कौतुक करताना त्याचं ओझं कमी दाखवू नका. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटत नाही म्हणून पुन्हा जावं लागणं हा पराक्रम नव्हे, ती नड आहे. मुलाला तो फरक लिहायचा असेल तर लिहू द्या.

कर्ज, बापाचं जाणं, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात घरातलं कुणी गेलेलं असणं, असे विषय तुम्ही काढू नका. मुलाने आपणहून लिहिलं तर ते वर्गात वाचायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. वहीवर लाल शेरा मारू नका.

निजामाच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामावर लिहून घेणार असाल तर सगळी लढाई धर्माच्या रेघेवर आखली जाणार नाही, याची काळजी घ्या. हैदराबादेत ‘इमरोज’ चालवणाऱ्या शोएबुल्ला खान या पत्रकाराने भारतात विलीनीकरणाची बाजू लावून धरली आणि 1948 च्या ऑगस्टमध्ये रझाकारांनी त्याचा खून केला. त्याआधी 1938 साली निजामाच्या राज्यात विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, त्यापायी त्यांना काढून टाकलं, आणि कित्येकांना शिकायला नागपूरला जावं लागलं. पेन धरलेला हात आणि गाणारा गळा. तिथेही तोच प्रश्न विचारा, शरीर काय करतंय?

मिळून एक पोवाडा रचा

शेवटच्या दोन तासिका रचनेच्या. पोवाड्याची चौकट मुलांना सोपी जाते: आधी नमन, मग कथा सांगणारे चौक, मधे मधे झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे साथ करणाऱ्यांनी, ‘जी जी रं जी’ म्हणून उचलून धरायचं (हीच झील) आणि शेवटी शाहिराची नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्याचं नाव. वर्गाच्या पोवाड्यात नाममुद्रेच्या जागी शाळेचं किंवा गावाचं नाव घाला. डफ नसेल तर हलगी चालते, तीही नसेल तर बाक आहेच.

विषय म्हणून आपल्या मुलखातला खेळाडू घ्या. धाराशिवची सारिका काळे भारताच्या खो-खो संघाची कर्णधार होती, तिला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. किंवा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. त्याची 3000 मीटर स्टीपलचेस रचनेला फार सोयीची आहे. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर असते आणि धक्का लागला तरी तो आडवा होत नाही, धावणाराच पडतो. भिंतीवर खडूने ही उंची आखा आणि प्रत्येकाला तिच्याजवळ उभं करा. सहावीतल्या बुटक्या पोराच्या ती छातीला लागते. मग सांगा की असं पस्तीस वेळा, तेही पळत पळत.

आता आराखडा आपोआप तयार होतो: सात पाणउड्या, म्हणून सात कडवी. कडवं म्हणजे धाव, त्याचा शेवट म्हणजे उडी, आणि उडी पडली की झील. वर्गाचे सात गट करा, प्रत्येकाला एक कडवं द्या. पहिल्या कडव्यात दम ताजा आहे, ओळी लांब ठेवा. सहाव्या-सातव्यात श्वास तुटतोय, ओळी आखूड करा. नमुन्यादाखल शेवटाकडचं एक कडवं मी असं देतो:

छाती पेटली, पोटरी फुटली,
मातीची वाट मनात उठली,
पाय म्हणे थांब, मन म्हणे लांब,
पाण्यात पाय, पाण्यावर झेप, जी जी रं जी!

हे दाखवून लगेच पुसून टाका, नाहीतर सातही गट याचीच नक्कल करतात.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य जिंकलं. सुवर्ण फक्त 0.05 सेकंदाने हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण आणलं. सातव्या कडव्याच्या गटाला विचारा, पोवाडा कोणत्या शर्यतीवर संपवायचा? काही जण सुवर्णाचा हट्ट धरतात. काहींना ते पाच शतांश सेकंद सोडवत नाहीत. दोन्ही शेवट लिहून घ्या आणि वर्गाला मत देऊ द्या.

गुण आणि सादरीकरण

लेखनाला गुण देताना तीनच गोष्टी बघा: क्रियापदं जिवंत आहेत का, निदान एक खूण डोळ्यांना दिसते का, आणि ओळ मोठ्याने म्हणता येते का. शुद्धलेखन त्यानंतर, वेगळ्या दिवशी. आवाज मोठा आहे म्हणून सादरीकरणाला जास्त गुण देऊ नका. हळू आवाजात नीट म्हटलेली जनाबाईची ओळही पूर्ण गुणांची आहे.

सादर करायला आपल्याकडे 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, हा उत्तम दिवस. ध्वजारोहणाला गाव आलेलं असतं. तो हुकला तर 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. पण ऊसतोडीच्या गावात फेब्रुवारीत निम्मी घरं कुलूपबंद असतात, त्यामुळे सप्टेंबरचाच दिवस धरा आणि तयारी जुलैअखेर सुरू करा. कार्यक्रम पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. पाहुण्यांच्या भाषणाआधी घ्या, नंतर नको. आणि आज्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या द्या, कारण त्यांच्या ओव्या त्यांच्याच नावाने म्हटल्या जाणार आहेत.